रेल्वे कंपनी बुडाली, तर रूळ कुणाचे?

एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना त्यांच्याच गुंतवणूकदारांनी कोर्टात खेचले, त्या खटल्यांवर मागच्या अंकात लेख होता. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. ज्यांना नेमके उत्तर देता येईल असे प्रश्न निवडले आहेत. जिथे हिशेब समजावण्यासाठी कल्पित आकडे घेतले आहेत, तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न : घरकर्जाचे हप्ते थकले की बँक घराचा लिलाव करते. मग १८६६ साली लंडनची रेल्वे कंपनी बुडाली, तेव्हा हातात तारण असूनही रोखेधारकांना रूळ आणि इंजिने का विकू दिली नाहीत?
एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : हा खटला म्हणजे गार्डनर विरुद्ध लंडन, चॅटम अँड डोव्हर रेल्वे, निकाल १८६७चा. निकाल नीट कळायला कंपनी कशी बुडाली ते आधी पाहावे लागते.

ब्रिटनमध्ये प्रत्येक रेल्वेमार्गासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा होत असे. भागभांडवलाच्या एक तृतीयांशापर्यंतच कर्ज काढायचे, तेही सगळ्या भांडवलाला घेणारे मिळाल्यावर आणि निम्मे वसूल झाल्यावर, अशी अट त्यात साधारणपणे असे. अट चांगली होती, पण पळवाटही तयार होती. कंत्राटदाराला रोख पैसे न देता शेअर आणि रोखेच द्यायचे. कागदोपत्री भांडवल वसूल झालेले दिसे, आणि कर्ज काढायचा मार्ग मोकळा होई. प्रत्यक्षात तिजोरीत दमडी आलेली नसे. या कंपनीच्या कंत्राटदारांत पेटो आणि बेट्स यांची पेढी होती.

दुसरी खोट मुदतीत होती. बोगदा शंभर वर्षांसाठी खणायचा आणि पैसे तीन, पाच किंवा सात वर्षांच्या डिबेंचरवर (मुदतीच्या कर्जरोख्यांवर) उचलायचे. मुदत भरली की नवे डिबेंचर विकून जुने फेडायचे. बाजार शांत असेपर्यंत हे चालते. १० मे १८६६ रोजी ओव्हरएंड गर्नी ही लंडनची बडी पेढी कोसळली, बँक ऑफ इंग्लंडचा दर १० टक्क्यांवर गेला आणि तीन महिने तिथेच राहिला. नवे डिबेंचर घ्यायला कुणी पुढे येईना. पेटो-बेट्सही त्याच महिन्यात बसले. गाड्या धावत होत्या, तिकिटे खपत होती आणि कंपनी मात्र देणी चुकवू शकत नव्हती.

डिबेंचरवरचा मजकूर १८४५च्या कायद्यातल्या ठरावीक नमुन्याप्रमाणे असे. कंपनी आपला ‘उपक्रम’ आणि त्यातून येणारे भाडे-जकातीचे पैसे रोखेधारकाच्या नावे गहाण ठेवते, असे त्यात लिहिलेले. रोखेधारकांचे म्हणणे सरळ होते : उपक्रम आमच्याकडे गहाण आहे, व्याज थकले आहे, तेव्हा वसुलीसाठी रिसीव्हर (उत्पन्न गोळा करून धनकोंना वाटणारा, कोर्टाने नेमलेला माणूस) नेमा आणि कारभार पाहायला मॅनेजरही नेमा.

अपिलात न्यायमूर्ती केर्न्स यांनी रिसीव्हर मान्य केला, मॅनेजर नाकारला. त्यांचा युक्तिवाद असा की, रेल्वे चालवण्याचा अधिकार पार्लमेंटने या विशिष्ट कंपनीला दिला आहे आणि त्यासोबत लोकांच्या सोयीची जबाबदारीही टाकली आहे. हा अधिकार कंपनी खासगी कराराने दुसऱ्याला देऊ शकत नाही आणि कोर्टालाही तो आपल्या हाती घेता येत नाही. गहाण आहे ते चालत्या रेल्वेचे उत्पन्न. केर्न्स यांनी त्यासाठी फळ देणाऱ्या झाडाचा दाखला दिला : फळावर धनकोचा हक्क, झाड तोडण्याचा नाही. रूळ उखडून भंगारात विकले, तर एका धनकोचे थोडे पैसे सुटतील, बाकीच्यांचे सगळेच जाईल आणि गावोगावच्या लोकांची वाट बंद होईल.

म्हणजे तुमच्या प्रश्नातले घर आणि रेल्वे यांत फरक असा आहे : घर रिकामे करून विकले तरी घरच राहते. रेल्वेचे तुकडे केले की उरतात लोखंड, लाकूड आणि लांबच लांब निरुपयोगी पट्टीसारखी जमीन.

निकालानंतर त्याच वर्षी पार्लमेंटने रेल्वे कंपन्यांसाठी नवा कायदा केला. चालू मार्गावरची इंजिने, डबे आणि यंत्रसामग्री जप्तीत नेता येणार नाही, हे त्यात स्पष्ट झाले. त्या बदल्यात कोर्टाचा हुकूमनामा मिळवलेल्या धनकोला रिसीव्हर आणि गरज पडल्यास मॅनेजरही मागता येऊ लागला. शिवाय तडजोडीची योजना मांडण्याची सोय झाली. योजनेला रोखेधारकांची, रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांश, लेखी संमती लागे. चॅटम-डोव्हरचा गुंता इतका होता की १८६९ साली त्यासाठी खास लवादाचा कायदा करावा लागला. दोन लवादांपैकी एक लॉर्ड सॅलिसबरी, दुसरे हेच केर्न्स.

प्रश्न : कोर्टाने नेमलेला रिसीव्हर पैसे कोणत्या क्रमाने वाटत असे? ज्याने आधी कर्ज दिले त्याला आधी मिळत असेल ना?
एक निवृत्त बँक कर्मचारी, देवळाली कॅम्प

उत्तर : नाही, आणि अनेकांचा गोंधळ इथेच होतो. १८४५च्या त्या कायद्याखाली एकाच कंपनीचे सगळे डिबेंचरधारक एका पंक्तीत. १८५५ साली पैसे देणारा आणि १८६५ साली देणारा सारखेच. तारखेवरून पुढेमागे नाही.

कल्पित आकडे घेऊ. सहामाहीत एकूण उत्पन्न १,००,००० पौंड. पहिला हात चालू खर्चाचा : कोळसा, पगार, दुरुस्ती, यात ५२,००० गेले. उरले ४८,०००. जमीनमालकांना एकरकमी किंमत न देता वार्षिक भाडे ठरवलेले असेल तर ते पुढे, समजा ६,०००. उरले ४२,०००. डिबेंचरचे सहामाही व्याज ४५,००० आहे. तर प्रत्येकाला पौंडामागे १८ शिलिंग ८ पेन्स मिळतील (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगचे १२ पेन्स). अग्रहक्क भागधारक आणि साधे भागधारक यांच्या वाट्याला काही नाही.

या क्रमात गोम एकच : चालू खर्च म्हणजे काय? रिसीव्हरने नवा फलाट बांधला तर तो चालू खर्च की भांडवली? फलाट चालू खर्चात घातला की रोखेधारकाचे व्याज तेवढ्याने कमी. हिशेबातली बहुतेक भांडणे याच एका ओळीवर झालेली दिसतात.

अमेरिकेत हा प्रश्न आणखी पुढे गेला. तिथे गहाणखत विश्वस्तांच्या नावे असे आणि रेल्वेचा लिलाव होऊ शके. पण एवढी मोठी मालमत्ता घेणार कोण? बहुतेक वेळा रोखेधारकांचीच समिती बोली लावी, नवी कंपनी काढी आणि जुन्या रोख्यांच्या बदल्यात नवे, कमी व्याजाचे रोखे किंवा शेअर देई. लिलाव कागदावरच, मालक फिरून तेच. मधल्या काळात गाड्या चालवायला कोळसावाल्याने उधार द्यायला हवे. तो कशाच्या भरवशावर देईल? १८७८च्या फॉस्डिक विरुद्ध शॉल या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटले की, रेल्वे गहाण घेणाऱ्याने चालू उत्पन्नातून चालू देणी आधी भागतील हे मुळातच मान्य केलेले असते. कंपनीने कामगार आणि पुरवठादार यांचे पैसे थकवून ती रक्कम रोख्यांच्या व्याजाला लावली असेल, तर ती परत फिरवता येते. पुढे कोर्टांनी साधारण सहा महिन्यांपर्यंतची थकबाकी यात धरायला सुरुवात केली. त्याआधी १८७७ साली, वॉलेस विरुद्ध लूमिस या खटल्यात, रिसीव्हरने कोर्टाच्या परवानगीने काढलेली नवी कर्जे पहिल्या गहाणाच्याही पुढे ठेवायला मान्यता मिळाली होती.

‘पहिले गहाण’ हे शब्द वाचून निर्धास्त झालेल्या लंडन-ॲमस्टरडॅमच्या गुंतवणूकदारांना हा झटका मोठा होता. आमच्या मते निकाल योग्यच होता. बंद पडलेल्या रेल्वेवरच्या पहिल्या गहाणाला भंगारापलीकडे किंमत नसते. पण औषधाचा गैरवापरही लगेच झाला. १८८४ साली जे गूल्ड या रेल्वेतल्या सट्टेबाजाच्या ताब्यातल्या वॉबॅश कंपनीने व्याज थकण्याआधी स्वतःच कोर्टात जाऊन रिसीव्हर मागून घेतले. नेमले गेलेले रिसीव्हर कंपनीच्या मर्जीतले होते. धनकोला वाचवणारी सोय ऋणकोने ढाल म्हणून वापरली. १८८६ साली न्यायमूर्ती ग्रेशम यांनी त्या जाळ्यातल्या काही मार्गांवरून ते रिसीव्हर काढून टाकले.

प्रश्न : भारतीय रेल्वेची मालमत्ता कोर्टाच्या जप्तीत जाऊ शकते का?
इगतपुरी

उत्तर : वरची १८६७ची कल्पना आपल्याकडे १८९०च्या रेल्वे कायद्यात आली. कलम १३६प्रमाणे डबे, इंजिने, यंत्रे, साहित्य ही रेल्वेच्या वाहतुकीसाठी असलेली चीजवस्तू सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत घेता येत नसे. उत्पन्नावर मात्र जप्ती येऊ शके. झाड आणि फळ हाच भेद. आजच्या कायद्यातही तशी तरतूद आहे. एखाद्या मोबदल्याच्या दाव्यात कोर्टाने गाडी किंवा स्टेशन जप्त केल्याची बातमी येते, ती बहुधा दबाव आणण्यापुरती असते. गाडी लिलावात निघत नाही.

प्रश्न : माहितीपत्रकात खोटे लिहून रेल्वेचे शेअर विकले, तर त्या काळी पैसे परत मिळायचे का? आणि कुणाकडून?
एक वाचक, पंचवटी

उत्तर : मिळायचे, पण ‘कुणाकडून’ यावर सगळे अवलंबून होते. कंपनीकडून पैसे परत मागणे एक आणि संचालकांकडून नुकसानभरपाई मागणे दुसरे. दोन्हींचे नियम वेगळे.

कंपनीविरुद्धचा पाया म्हणजे व्हेनेझुएलाच्या सेंट्रल रेल्वेचा किश याच्याशी झालेला खटला, हाउस ऑफ लॉर्ड्स (तेव्हाचे ब्रिटनचे सर्वोच्च कोर्ट), १८६७. रेल्वे बांधण्याचा परवाना विकत घेण्यासाठी ५०,००० पौंड मोजायचे होते, ही गोष्ट माहितीपत्रकात दडवली होती. कंपनीचा बचाव असा, की कागदपत्रे आमच्या कार्यालयात उघडी होती, किशने येऊन पाहायची होती. लॉर्ड चेम्सफर्ड यांनी हा बचाव फेटाळला. ज्याने स्वतः खोटे सांगितले, त्याने ‘तू तपासायला हवे होतेस’ असे म्हणू नये. शेअरचा करार रद्द झाला.

याच वर्षी ओव्हरएंड गर्नीच्या भागधारकाचा ओक्स विरुद्ध टर्क्वांड हा खटला त्याच सभागृहापुढे आला आणि तो भागधारक हरला. फसवणूक झाली नव्हती असे नाही. कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेली होती. भागधारकांची यादी पाहून ज्यांनी उधार दिले ते धनको आता मध्ये आले होते आणि त्यांच्या डोक्यावर बोजा टाकून भागधारकाला सुटता येत नव्हते. म्हणून हे दोन निकाल जोडीने वाचायचे.

त्यांतून त्या काळच्या वकिलाने अशिलाला काय सांगितले असते? माहितीपत्रकातले नेमके वाक्य शोधा. ते घडलेल्या किंवा असलेल्या गोष्टीबद्दल आहे की नुसत्या आशेबद्दल, ते पाहा. ‘८ टक्के लाभांश मिळेल अशी अपेक्षा आहे’ यावर दावा टिकणे कठीण, ‘कंत्राट अमुक रकमेला झाले आहे’ यावर टिकतो. खोटेपणा कळला त्याच आठवड्यात लेखी नकार पाठवा. कळल्यानंतर लाभांश घेऊ नका, सभेत मत देऊ नका, शेअर विकायलाही काढू नका. यातली कोणतीही गोष्ट केली तर तुम्ही करार पत्करला असे धरले जाते. आणि कंपनी गुंडाळण्याचा अर्ज कुणी दाखल करण्याआधी दावा लावा. बहुतेक भागधारक इथेच चुकत. बाजारभाव पुन्हा वर येईल म्हणून चार महिने थांबत, आणि तेवढ्यात लिक्विडेटर येई.

संचालकांविरुद्धची वाट १८८९ साली बरीच अरुंद झाली. खटला डेरी विरुद्ध पीक, आणि कंपनी रेल्वेची नव्हे, प्लिमथच्या ट्रामची. तिच्या कायद्यात ट्राम घोड्यांनी ओढायची परवानगी होती, वाफेसाठी व्यापार खात्याची संमती लागणार होती. माहितीपत्रकात मात्र वाफेचा हक्क आहेच असे लिहिले. संमती मिळेलच असे संचालकांना वाटत होते. खात्याने मोजक्या भागापलीकडे ती नाकारली, कंपनी बुडाली. लॉर्ड हर्शेल यांनी म्हटले की, प्रामाणिकपणे खरे मानून केलेले विधान निष्काळजी असले तरी लबाडी ठरत नाही. वाफ की घोडा हा मुद्दा नाशिककरांना परका वाटू नये. नाशिकरोड ते मेनरोड ट्राम त्याच सुमारास सुरू झाली, ती घोडेच ओढत.

पार्लमेंटला हा निकाल रुचला नाही. १८९०च्या संचालक दायित्व कायद्याने बाजू उलटवली : विधान खोटे ठरले, तर ते खरे मानायला वाजवी आधार होता हे संचालकाने सिद्ध करायचे. आपल्या २०१३च्या कंपनी कायद्याच्या ३५व्या कलमात त्याच तत्त्वाचा वारसा आहे. फौजदारी बाजू ३४व्या कलमात.

प्रश्न : एकटा भागधारक संचालक मंडळाला अडवू शकत होता का?
सिन्नर

उत्तर : एरवी नाही. १८४३च्या फॉस विरुद्ध हारबॉटल या खटल्यापासून नियम असा, की कंपनीचे नुकसान झाले तर दावा कंपनीने लावायचा आणि कंपनी म्हणजे बहुमत. पण कंपनीच्या अधिकाराबाहेरचे काम असेल तर बहुमताची मंजुरीही चालत नाही आणि एक शेअर असलेला माणूसही मनाई हुकूम आणू शकतो. १८४६ साली ईस्टर्न काउंटीज रेल्वेच्या संचालकांनी हार्विच बंदरातून चालणाऱ्या आगबोट कंपनीला लाभांशाची हमी द्यायचे ठरवले. बोटी आल्या की रेल्वेला प्रवासी मिळतील, हा हिशेब व्यापारी दृष्टीने चूक नव्हता. कोलमन या भागधारकाने हरकत घेतली आणि लॉर्ड लँगडेल यांनी हुकूम दिला : रेल्वेसाठी जमवलेला पैसा रेल्वेवरच. १८७५चा ॲशबरी विरुद्ध रिश हा खटला याच धाग्याचे टोक. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीने बेल्जियममध्ये रेल्वेमार्ग बांधायचा करार केला, तो सगळ्या भागधारकांनी मिळून मंजूर केला असता तरी निरर्थकच ठरला असता, असे लॉर्ड केर्न्स म्हणाले. होय, तेच केर्न्स, आता लॉर्ड चान्सलर.

प्रश्न : आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या भागधारकांनी कधी कंपनीवर दावे लावले का? थळ घाटाचा खर्च पाहता तोटा झाला असणारच.
एक शिक्षक, निफाड

उत्तर : तोटा झाला तरी तो भागधारकाच्या अंगाला लागत नव्हता, त्यामुळे गार्डनरसारखा दावा लावण्याचे कारणच उरले नाही. हा या विषयातला सगळ्यात बोलका भाग आहे.

१७ ऑगस्ट १८४९च्या करारात ईस्ट इंडिया कंपनीने जीआयपीला ९९ वर्षांसाठी फुकट जमीन आणि जमा भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली. पैसा जमा झाला की व्याज सुरू. मार्ग चालू होण्याची वाट पाहायची नाही. कसारा ते इगतपुरी हा ३७ला १ चढाचा घाट १८६५च्या आरंभी खुला झाला. त्याआधीची सगळी वर्षे तिथे गुंतलेल्या पैशावर लंडनमध्ये व्याज मिळतच होते. उत्पन्न कमी पडले तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे निफाड-दिंडोरीच्या शेतसाऱ्यातूनही. मार्ग नकोसा झाला तर सहा महिन्यांची नोटीस देऊन सरकारच्या गळ्यात घालायचा आणि भांडवल परत घ्यायचे, अशीही सोय होती. हिंदुस्थानचे माजी अर्थसदस्य मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले की, ५ टक्के मिळत असताना आपला पैसा हुगळीत फेकला जातो की विटा-चुन्यात जातो, याच्याशी इंग्रज गुंतवणूकदाराला काही देणेघेणे नव्हते.

खरा खटका हिशेबाच्या कलमांत होता. ५ टक्क्यांवर नफा झाला तर वरकड नफ्याचा निम्मा भाग कंपनीचा, निम्मा सरकारचा. रुपयाचे पौंड करायचे ते करारात गोठवलेल्या दराने : १ रुपया म्हणजे २२ पेन्स. १८७०नंतर चांदी घसरली आणि शतकाच्या अखेरीस रुपया १६ पेन्सवर आला. करारातला दर हलला नाही.

कल्पित आकडे घ्या. भांडवल २ कोटी पौंड, म्हणजे सहामाही हमीव्याज ५,००,००० पौंड. सहामाहीचा निव्वळ नफा १ कोटी रुपये. २२ पेन्सने त्याचे ९,१६,६६७ पौंड होतात, वरकड ४,१६,६६७, कंपनीचा निम्मा वाटा २,०८,३३३. आता बाजारातल्या १६ पेन्सने तोच कोटी ६,६६,६६७ पौंडांचा. खरा वरकड नफा १,६६,६६७. म्हणजे कंपनीचा ‘निम्मा’ वाटा अख्ख्या खऱ्या नफ्यापेक्षा मोठा, आणि वरची भर सरकारी तिजोरीतून.

त्यात हिशेब सहामाही. जानेवारी ते जून कापूस आणि धान्य मुंबईकडे जाई, नफा भरपूर. पावसाळ्याच्या सहामाहीत वाहतूक मंद. वर्षाचा एकत्र हिशेब केला असता तर एका सहामाहीची तूट दुसरीच्या नफ्यातून भरून निघाली असती. करारात तसे नव्हते. चांगल्या सहामाहीत नफा वाटायचा, वाईट सहामाहीत हमी मागायची. यात बेकायदा काही नव्हते. करार लिहिणाऱ्याने एका बाजूचे फार नीट सांभाळले होते, एवढेच.

एक खटला मात्र आठवणीने सांगायला हवा. ३० जून १९०० रोजी सरकारने जीआयपी विकत घेतली. आधीच्या तीन वर्षांतल्या शेअरच्या सरासरी बाजारभावावरून किंमत ठरली. ती एकरकमी न देता १७ ऑगस्ट १९४८पर्यंत, म्हणजे मूळ ९९ वर्षे भरेपर्यंत, वर्षासनाने (दरवर्षीच्या ठरावीक रकमेने) द्यायचे सरकारने निवडले. इंग्लंडच्या करखात्याने संपूर्ण वर्षासनावर प्राप्तिकर कापायला सुरुवात केली. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०३ साली, सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध स्कोबल या खटल्यात, निकाल वर्षासनधारकांच्या बाजूने दिला. कारण वर्षासनात व्याज आणि किंमतीचा हप्ता दोन्ही मिसळलेले होते. समजा किंमत १०० पौंड, ४८ वर्षे, दर ३ टक्के : वर्षाला साधारण ३ पौंड १९ शिलिंग मिळतील. पहिल्या वर्षी त्यातले ३ पौंड व्याज, १९ शिलिंग मुद्दल. शेवटच्या वर्षी उलटे, व्याज जेमतेम सव्वादोन शिलिंग, बाकी सगळे मुद्दल. कर फक्त व्याजावर. एकोणिसाव्या शतकातला करार, पण त्याचा अर्थ लावणारा हा निकाल करकायद्याच्या वर्गात अजून शिकवतात.

प्रश्न : १८६८च्या ईरी रेल्वेच्या भांडणात नेमके काय झाले?
मनमाड

उत्तर : थोडक्यात : अमेरिकेतला रेल्वेसम्राट व्हँडरबिल्ट ताबा मिळवण्यासाठी ईरीचे शेअर घेत सुटला आणि ड्रू, गूल्ड, फिस्क हे संचालक नवे शेअर छापत सुटले. थेट शेअर काढायला अडचण होती, म्हणून १ कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे काढले आणि लगोलग त्यांचे शेअर केले. न्यायाधीश बर्नार्डने मनाई हुकूम काढला, दुसऱ्या न्यायाधीशाने उलट हुकूम दिला. अटक टाळायला संचालक नदीपलीकडे जर्सी सिटीत जाऊन बसले, कारण न्यूयॉर्कचा हुकूम तिथे चालत नव्हता. अखेर न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने ते शेअर कायदेशीर केले. कायद्याच्या विद्यार्थ्याने यातून तत्त्व शोधण्याची तसदी घेऊ नये.

प्रश्न : जुन्या कागदांत १८८०च्या दशकातला अमेरिकन रेल्वेचा १००० डॉलरचा रोखा सापडला. खाली बरीच कुपने तशीच आहेत. आज पैसे मिळतील का?
मालेगाव

उत्तर : रोख्याचे पैसे मिळतील असे धरून चालू नका. संग्राहकाकडून थोडेफार मिळू शकतात. तपासायचे ते या क्रमाने.

आधी कागदावर भोके किंवा रद्द केल्याचा शिक्का पाहा. असेल तर रोखा फेडला किंवा बदलला गेला होता. नसेल तर कुपने पाहा. व्याज वर्षातून दोनदा, आणि प्रत्येक वेळी एक कुपन कापून द्यायचे. न कापलेल्या पहिल्या कुपनावरची तारीख सगळे सांगून जाते : व्याज बहुधा तिथे थांबले. ती तारीख १८९३-९४च्या आसपासची असेल तर नवल नाही, त्या मंदीत अमेरिकेतले सुमारे एक चतुर्थांश रेल्वेमार्ग रिसीव्हरकडे गेले होते. मग रोखा धारकाच्या नावाचा आहे की ज्याच्या हाती त्याचा, आणि विश्वस्त म्हणून कुणाची सही आहे, ते टिपून ठेवा.

कंपनीची पुनर्रचना झाली तेव्हा रोखे समितीकडे जमा करायला मुदत दिलेली असे. ज्यांनी जमा केले त्यांना नव्या कंपनीचे कागद मिळाले. ज्यांनी केले नाहीत त्यांच्या वाट्याला लिलावाच्या रकमेतला अंश, तोही वेळेत मागितला तर. ते सगळे कधीच मिटले. ‘व्याजासह वसूल करून देतो’ म्हणून आधी फी मागणारा कुणी भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. आयईपीएफ-५ अर्ज भरून मिळणारे पैसे आजच्या भारतीय कंपन्यांच्या बेवारस शेअर-लाभांशाचे. त्याचा इथे संबंध नाही.

कागद अस्सल असेल तर इंजिनाच्या चित्रावर आणि किनारीवर बोट फिरवल्यावर शाई किंचित उठलेली लागते, कारण छपाई कोरीव पत्र्यावरून केलेली असे. झेरॉक्ससारखा सपाट लागला तर नक्कल समजा. लॅमिनेशन करू नका, फाटले असेल तर सेलोटेप लावू नका, टेपचा गोंद पिवळा पडून कागद खातो. आम्लरहित कागदात सपाट ठेवा, घडी घालू नका, आणि पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. कुपने मुळीच कापू नका. कुपनांसह रोख्याला जास्त किंमत येते.

प्रश्न : निकालांच्या संदर्भात कंस कधी चौकोनी, कधी गोल असतो. फरक काय?
विधी शाखेची विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : चौकोनी कंसातले साल हाच खंडाचा पत्ता. स्कोबल खटल्याचा संदर्भ [१९०३] ए.सी. (अपील केसेस) २९९ असा आहे, तिथे १९०३ वगळले तर खंड सापडणार नाही. गोल कंसातले साल नुसते माहितीसाठी, खंडाचा आकडा वेगळा दिलेला असतो. गार्डनर म्हणजे (१८६७) एल.आर. २ चान्सरी अपील्स २०१ : लॉ रिपोर्ट्सच्या त्या मालिकेचा दुसरा खंड, पान २०१. १८६५पूर्वीचे निकाल, ते टिपून छापणाऱ्या वार्ताहराच्या नावाने : कोलमन खटला बीव्हनच्या दहाव्या खंडात, पहिल्याच पानावर. अमेरिकेत खंड आधी : ९९ यू.एस. २३५, म्हणजे फॉस्डिक. आणि पानाच्या सुरुवातीचा सारांश वार्ताहराने लिहिलेला असतो, न्यायाधीशाने नव्हे. उत्तरपत्रिकेत तो निकाल म्हणून उतरवू नका.